कपाटामागची भिंत

कपाटामागे पडलेली एक किल्ली काढायची होती, एवढ्यासाठीच ते कपाट आम्ही सरकवले. तीन दारांचे ते जड कपाट निजण्याच्या खोलीत भिंतीला अगदी चिकटून उभे होते आणि या घरात राहायला आल्यापासून एकदाही जागचे हलले नव्हते. दोघांनी मिळून त्याचे एक टोक हातभर पुढे ओढले, तेव्हा आधी वास आला आणि मग डाग दिसला. फरशीपासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत, साधारण दोन हात रुंद असा हिरवट-काळ्या ठिपक्यांचा पट्टा भिंतीवर पसरला होता. मधोमध ते ठिपके एकमेकांत मिसळून मखमलीसारखा थर झाला होता, तर कडेला ते शाई शिंपडावी तसे सुटे सुटे दिसत होते. वर छताजवळ, जिथे ही भिंत घराच्या बाहेरच्या भिंतीला मिळते त्या कोपऱ्यात, आणखी एक फिकट करडा डाग होता; त्या दिवशी मात्र त्याच्याकडे मी नीट पाहिलेही नाही.

खरे तर भिंत बरेच दिवस सांगत होती. कपाट उघडले की कुबट वास यायचा आणि मी तो नीट न वाळलेल्या कपड्यांच्या माथी मारायचे. तळाच्या खणातल्या चामड्याच्या पट्ट्यावर दोनदा पांढरी भुकटी धरली होती. दोन्ही वेळा मी ती पुसून टाकली, पट्टा वरच्या खणात ठेवला आणि खालच्या खणात डांबराच्या गोळ्या टाकल्या. त्यामुळे कुबट वासाच्या जोडीला डांबराचाही वास येऊ लागला, इतकाच काय तो फरक पडला.

पहिला उपाय मी बहुतेक लोक करतात तोच केला. घरात ब्लीचची बाटली होती. बाटलीवरची सूचना न वाचता, पाणीही न मिसळता, मी ते द्रव फडक्यावर घेऊन भिंतीवर चोळले. डोळ्यांतून पाणी येऊ लागले, घसा खवखवला आणि दहा मिनिटांत भिंत पांढरी झाली. ती इतकी स्वच्छ दिसू लागली, की आपण जिंकलो असेच मला वाटले. डोळ्यांची आग थांबल्यावर, वासावर उतारा म्हणून वरून व्हिनेगर मारण्याचाही माझा विचार होता. सुदैवाने घरातलेच एक माणूस आडवे आले. ब्लीचमध्ये आम्ल मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो आणि अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव मिसळले तर क्लोरामाइन तयार होतात; बंद खोलीत या दोन्ही गोष्टी फुप्फुसांना इजा करू शकतात. हे मला शाळेत शिकवलेले होते आणि तरीही त्या क्षणी ते आठवले नव्हते.

तीन आठवड्यांनी ठिपके परत आले. आधी कडेने, मग मध्ये, जवळपास त्याच नकाशाबरहुकूम. असे का झाले हे नंतर वाचल्यावर उमजले. ब्लीचमधला हायपोक्लोराइट रंगाच्या वरच्या थराला आणि तिथल्या सेंद्रिय पदार्थांना भिडताच खर्च होतो, तर त्या द्रवातले पाणी सच्छिद्र गिलाव्यात आत मुरते. म्हणजे वरच्या बुरशीचा रंग उडतो, पण आत गेलेले तंतू बऱ्याच अंशी तसेच राहतात आणि वर त्यांना पाणीही मिळते. काच, टाइल, धातू अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागावर ब्लीचचा उपयोग होतो, आणि तेही एका भागाला सोळा भाग पाणी या प्रमाणापेक्षा तीव्र न करता वापरावे असे सांगितले जाते. रंगवलेल्या, मागून ओल असलेल्या भिंतीवर मात्र त्याने मिळते ते केवळ डोळ्यांचे समाधान.

दुसऱ्या वेळी मी फडके उचलण्याआधी खुर्ची ओढून बसले आणि भिंतीकडे पाहत राहिले. बुरशीला जगायला फार काही लागत नाही. तिचे बीजाणू सगळीकडच्या हवेत असतात. अन्न म्हणून रंगातले बंधक द्रव्य, भिंतीवरची धूळ, कपाटाच्या पाठीचे लाकूड यांतले काहीही चालते आणि माणसाला सोयीचे तापमान तिलाही सोयीचे असते. या सगळ्यांपैकी आपल्या हातात असणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पाणी. ओल झाल्यापासून चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वस्तू वाळली तर बहुधा बुरशी धरत नाही. त्यापुढे तिला वेळ मिळत जातो. तेव्हा माझ्या भिंतीत पाणी कुठून येत होते, हा प्रश्न आधी सोडवायला हवा होता, आणि पुढचे सहा आठवडे त्यातच गेले.

ओल तीन-चार वाटांनी येऊ शकते. बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून पाऊस झिरपतो, जमिनीतले पाणी विटांतून वर चढते, भिंतीतला पाइप गळतो, किंवा खोलीतल्याच हवेतली वाफ गार भिंतीवर उतरते. आमची खोली वरच्या मजल्यावर असल्यामुळे जमिनीची ओल बाद झाली. मोठा डाग ज्या भिंतीवर होता ती आतली, न्हाणीघराला लागून असलेली भिंत होती, म्हणून पाऊसही बाद झाला. उरले ते पाइप आणि हवा. या दोहोंत निवाडा करण्याची एक साधी रीत आहे आणि तिला काहीही खर्च येत नाही. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचे वीतभराहून मोठे तीन चौकोन कापून मी पुसून कोरड्या केलेल्या भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून लावले: एक खालच्या डागावर, एक कमरेच्या उंचीवर, जिथे भिंत दिसायला ठीक होती तिथे, आणि एक वरच्या कोपऱ्यात. दोन दिवसांनी खालचा चौकोन सोडवला तेव्हा त्याच्या भिंतीकडच्या बाजूवर बारीक थेंब दाटीने जमले होते. खोलीकडची बाजू खडखडीत कोरडी होती. मधला चौकोन दोन्हीकडून कोरडा निघाला. वरच्या चौकोनाची भिंतीकडची बाजू कोरडी होती, पण पहाटे त्याच्या खोलीकडच्या बाजूवर बोट फिरवले तर ओलसर रेघ उमटत होती. थोडक्यात, एकाच खोलीतल्या या दोन डागांची कारणे वेगळी होती. खालची ओल भिंतीतून बाहेर येत होती आणि वरची हवेतून भिंतीवर उतरत होती.

याच सुमारास खालच्या डागाच्या वरच्या कडेला मला पांढरे, कापसासारखे काहीतरी दिसले आणि बुरशीचा नवाच प्रकार उगवला की काय अशी शंका आली. त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवला तर ते क्षणात विरघळून गेले. तो लोणा होता, म्हणजे विटांतले आणि गिलाव्यातले क्षार. पाणी भिंतीतून बाहेर येते, हवेत उडून जाते आणि आपल्याबरोबर आणलेले क्षार कडेला सोडून देते. बुरशी अशी थेंबात विरघळत नाही, शिवाय नखाने खरवडल्यास लोण्याचा कुरकुर असा बारीक आवाज येतो. ही खूण माझ्या उपयोगाची ठरली, कारण लोण्याची रेघ म्हणजे ओल चढत चढत कुठवर येते त्याची सीमाच असते.

प्लंबरला बोलावले. त्याने शहाणपणाची चाचणी सांगितली: रात्री सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी कोणी नळ उघडण्याआधी पुन्हा पाहा. आकडा तसूभरही हलला नव्हता. “मग ताई, पाइप ठीक आहेत. टाइल्सचे जॉइंट गेले असतील,” असे म्हणून त्याने न्हाणीघराच्या टाइल्सचे सांधे नव्याने भरून दिले. त्याच्या बोलण्यात मला काहीच खोट दिसली नाही. दोन आठवड्यांनी फॉइलचा चौकोन पुन्हा लावला, तर थेंब पुन्हा तसेच.

ती चाचणी चुकीची नव्हती. तिला एक आंधळी जागा होती. बंद नळाच्या अलीकडच्या पाइपात पाण्याचा दाब रात्रंदिवस असतो, त्यामुळे तिथली गळती मीटरवर दिसते. पण शॉवरची चावी आणि वरचा फवारा यांच्यामधला, भिंतीतून वर जाणारा पाइप चावी उघडल्यावरच भरतो. तो फुटलेला असला तरी रात्रभर गळणार नाही, कारण त्यात दाबाचे पाणीच नसते. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती आंघोळ करताना, चावी बंद केल्यावर शॉवरमधून उरलेले पाणी ठिबकताना पाहून.

मग मी दोन टोकांच्या सुया असलेले ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र आणले. या यंत्राविषयी एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. ते मुळात लाकडासाठी जुळवलेले असते, गिलाव्यावर त्याचा आकडा टक्केवारी म्हणून धरायचा नसतो. शिवाय ते दोन सुयांमधून किती वीज वाहते त्यावरून ओल ठरवते आणि क्षार वीज वाहून नेतात, त्यामुळे लोणा असलेल्या जागी ते भलताच मोठा आकडा दाखवते. म्हणून मी लोणा नसलेल्या तीन जागा पेन्सिलीने खुणावून ठेवल्या आणि रोज त्याच जागी सुया टेकवून फक्त कालच्या आणि आजच्या आकड्यातला फरक पाहू लागले. एकट्या आकड्यावर विश्वास ठेवला असता तर मीही टाइल्सवरच खापर फोडून मोकळी झाले असते.

सहा दिवस सगळ्यांनी दुसऱ्या न्हाणीघरात आंघोळ केली. आकडे हळूहळू उतरले. सातव्या दिवशी मी त्या न्हाणीघराच्या फरशीवर दहा बादल्या पाणी ओतले आणि दोन दिवस वाट पाहिली. आकडे उतरतच राहिले. म्हणजे फरशीचे सांधे आणि सांडपाण्याचा मार्ग निर्दोष होता. मग आंघोळ न करता नुसताच शॉवर अर्धा तास चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही खुणांवरचे आकडे एकदम वर गेले होते. इतक्या खटाटोपानंतर मिळालेले ते वाईट उत्तर पाहून मला खरोखर आनंद झाला.

शॉवरचा वाकडा दांडा प्लंबरने फिरवून काढला तेव्हा दोष हातात आला. टाइल्स बसवताना भिंतीची जाडी वाढली होती आणि पाइपाचे तोंड त्यामुळे खोल आत राहिले होते. दांड्याचे आटे त्या तोंडात जेमतेम तीन फेरे बसले होते. त्यावरची टेफ्लॉन टेप काळी, बुळबुळीत होऊन एका बाजूला गोळा झाली होती आणि पितळेवर हिरवट पुट चढले होते. चावी उघडली की तिथून पाण्याची बारीक धार टाइलच्या मागे उतरायची, विटांमधून खाली खाली झिरपत काँक्रीटच्या तळाशी थांबायची आणि मग आमच्या खोलीकडच्या गिलाव्यातून डोके वर काढायची. गळती डोक्याच्याही वर आणि डाग गुडघ्याखाली, असा तो प्रकार होता. दुरुस्तीला वीस मिनिटे लागली. पाइपाच्या तोंडात इंचभर लांबीचा पितळी जोडतुकडा घट्ट बसवला, नवी टेप पुरेशी गुंडाळली, दांडा लावला आणि त्याभोवतीच्या चकतीची वरची बाजू सिलिकॉनने बंद केली. खालची बाजू मुद्दाम उघडी ठेवली, म्हणजे पुन्हा कधी गळले तर पाणी भिंतीत न शिरता टाइलवर दिसेल.

आता कुठे साफसफाईची वेळ आली. ती आपण स्वतः करावी की जाणकाराला बोलवावे याचा एक ढोबळ मापदंड अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दिलेला आहे: बुरशीचे क्षेत्र दहा चौरस फुटांहून कमी, म्हणजे साधारण तीन फूट बाय तीन फुटांच्या आत असेल, तर बहुतेकदा घरचे माणूस ते काम करू शकते. माझा डाग त्याच्या निम्म्याएवढा होता. घरात कोणाला दमा असेल, कोणाची प्रतिकारशक्ती दुबळी असेल किंवा सांडपाणी भिंतीत शिरले असेल, तर मात्र मी या कामाला हात लावला नसता. बुरशीचा नमुना तपासून घ्यावा का, असेही एकाने विचारले. काळी बुरशी म्हणजे विषारी बुरशी असा समज आहे, पण रंगावरून जात ओळखता येत नाही आणि जात कोणतीही निघाली तरी करायचे काम तेच राहते: पाणी थांबवायचे आणि बुरशी काढायची. म्हणून तो खर्च मी केला नाही.

कामाच्या आदल्या दिवशी खोली रिकामी केली. दाराच्या चौकटीवर प्लास्टिकचा पडदा चिकटपट्टीने लावला, खिडकी उघडी ठेवली आणि पंख्याचे बटण कोणी चुकून दाबू नये म्हणून त्यावर पट्टी चिकटवली. कोरड्या बुरशीवर वारा घातला किंवा कोरडा ब्रश मारला की लाखो बीजाणू उडतात आणि घरभर जाऊन बसतात; पहिल्या वेळी भिंत आधी ओली न करता फडके चोळताना मीही थोडेफार तेच केले होते. या वेळी तोंडाला एन-९५ मास्क, हातांत कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि डोळ्यांना भोके नसलेला गॉगल होता. साध्या कापडी मास्कचा इथे फारसा उपयोग नसतो.

फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि थोडे भांडी घासण्याचे साबणद्रव घेऊन मी सगळा डाग आणि त्याच्या कडेची वीतभर भिंत आधी ओली केली. पाच मिनिटांनी रंगाऱ्याची पत्र्याची पट्टी रंगाखाली सरकवली तर रंगाचा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा सुरकुतत निघून आला. त्याची मागची बाजू पाहिली आणि ब्लीचने भिंत का फसवत होती ते दिसले: वरून जिथे रंग अजून पांढरा होता, तिथेही पापुद्र्याच्या पाठीवर करड्या तंतूंची बारीक जाळी चढलेली होती. डाग बाहेरून दोन हात रुंद असला तरी आतून तो तीन हातांच्या जवळ पोचला होता. मी कडा सरकवत सरकवत, पापुद्रा दोन्ही बाजूंनी स्वच्छ निघेपर्यंत खरवडत गेले. निघालेला प्रत्येक तुकडा ओला असतानाच पिशवीत टाकायचा, पिशवी भरली की तोंड बांधून दुसऱ्या पिशवीत घालायची, एवढा नियम शेवटपर्यंत पाळला.

रंगाखालच्या गिलाव्यावर बोटांच्या सांध्याने टकटक करत गेले. बहुतेक ठिकाणी आवाज भरीव आला, पण फरशीलगत दोन तळहातांएवढ्या जागेत तो पोकळ येत होता आणि तिथे अंगठा दाबला तर गिलावा ओल्या बिस्किटासारखा आत जात होता. असा गिलावा धुऊन वाचत नाही. छिन्नी-हातोड्याने तो विटेपर्यंत काढला आणि त्याच्या भोवतालचाही चार-चार बोटे पट्टा काढून टाकला. जिप्सम बोर्डाची भिंत असती तर काम याहून सोपे आणि निर्णय याहून कठोर असता. त्या बोर्डावरचा कागद म्हणजे बुरशीला वाढलेले ताटच, त्यामुळे तो खराब झाला की घासत न बसता तेवढा बोर्ड कापून बदलावाच लागतो.

उरलेली भिंत कोमट पाणी आणि साबणाने, ताठ दातांच्या ब्रशने घासली. यात कोणतीही जादू नव्हती. घासायचे, स्वच्छ ओल्या फडक्याने टिपायचे, बादलीतले पाणी गढूळ झाले की बदलायचे आणि पुन्हा घासायचे. बादली मी अकरा वेळा बदलली. शेवटी तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक फवारा मारला आणि दहा मिनिटांनी पुसून घेतला. गिलाव्याच्या बारीक खळग्यांतून फेस आला. त्याची गरज होतीच असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. बुरशी मारण्यापेक्षा ती तिथून हलवणे महत्त्वाचे असते, कारण मेलेल्या बुरशीचे कणही ॲलर्जी असलेल्या माणसाला त्रास देतात. काही फिकट डाग राहिलेच; त्यांवर सुई टेकवा, बोट फिरवा, काहीही निघत नव्हते. तो नुसता रंग होता आणि मी त्याला तसाच राहू दिला.

कपाटाची पाठ मात्र वाचली नाही. दाबलेल्या भुशाची ती पातळ फळी फुगून थरांत सुटली होती. ती काढून फेकली. बाजूच्या फळ्या पक्क्या लाकडाच्या असल्याने साबणाने धुऊन उन्हात वाळवता आल्या. कपडे गरम पाण्यात धुतले. चामड्याचा तो पट्टा इतके सगळे होऊनही वाचला, पण तळाला ठेवलेल्या वह्यांचा गठ्ठा गेला, आणि त्यात माझ्या कॉलेजच्या काळातली एक वही होती याचे वाईट वाटते.

यानंतरचा काळ सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत मोठा होता. भिंत वाळायला किती वेळ लागतो याविषयी गवंडी सांगतात तो अंदाज असा, की जाडीच्या दर इंचाला सुमारे एक महिना धरावा. आमच्या भिंतीच्या एका अंगाला टाइल्स असल्याने तिला वाळायला एकच बाजू मोकळी होती. बुरशी निघून गेलेली असल्यामुळे आता पंखा लावायला हरकत नव्हती. त्याच्या जोडीला हवेतली ओल शोषणारे यंत्र दिवसरात्र चालवले. पहिल्या आठवड्यात त्याच्या टाकीत रोज दोन लिटरच्या आसपास पाणी जमायचे. ओल्या आणि कोरड्या भिंतीच्या सीमेवर मी दर रविवारी पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहीत होते. आधी रेघा ऐसपैस अंतराने खाली उतरल्या, मग त्या एकमेकींच्या इतक्या जवळ येऊ लागल्या की दोन रविवारांच्या तारखा एकमेकींवर चढल्या. मध्ये एकदा, सहाव्या आठवड्यात, मला धीर धरवेना. वरून भिंत पूर्ण कोरडी दिसत होती आणि रंगारीही मोकळा होता. मी एका कोपऱ्यात पुन्हा फॉइल लावून पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यामागे पुसटसे दव होते. रंगाऱ्याला पुढची तारीख दिली. एकंदर नऊ आठवड्यांनी फॉइलची पाठ सलग तीन दिवस कोरडी राहिली आणि सुयांचा आकडा खोलीतल्या दुसऱ्या, कधीच न भिजलेल्या भिंतीशी जुळला.

पुढचे काम सांगण्यासारखे नाही. गवंड्याने उघड्या विटा झाडून गिलावा भरला, तो अठ्ठावीस दिवस पक्का होऊ दिला, मग अल्कली सोसणारा प्रायमर आणि वाफ आरपार जाऊ देणाऱ्या रंगाचे दोन हात दिले. बुरशीरोधक म्हणून मिळणारे रंग मी पाहिले होते, पण त्यांतले औषध काही वर्षांत झिजते आणि मागून ओल येत असेल तर तो रंगही पापुद्रा होऊन सुटतोच. पाण्याला पूर्ण अडवणारा जाड लेप देण्याचा रंगाऱ्याचा आग्रह मात्र मी मोडून काढला. आत उरलीसुरली ओल असेलच, तर तिला बाहेर पडायला वाट हवी होती.

वरच्या कोपऱ्याचे प्रकरण याहून साधे आणि तरी याहून चिवट निघाले. तिथे गळती नव्हती. रात्री दारे-खिडक्या बंद असताना खोलीतले तापमान २२ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असायची. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला दव होऊन उतरू लागते ते तापमान, १६ अंशांच्या आसपास येतो, आणि लांबून तापमान मोजणारे यंत्र रोखले तर भिंतीचा मधला भाग २० अंश, पण तो कोपरा जेमतेम साडेसोळा अंश दाखवत होता. बुरशीसाठी भिंतीवर थेंब दिसलेच पाहिजेत असे नसते. पृष्ठभागालगतच्या हवेची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिला पुरते. कपाटाने कोपऱ्याला खोलीची ऊबही मिळू दिली नव्हती आणि हलती हवाही. तो डाग साबणपाण्याने एका फेरीत निघाला. कपाट दोन्ही भिंतींपासून चार-चार बोटे दूर ठेवले, आंघोळीनंतर न्हाणीघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा अर्धा तास चालू ठेवायचा आणि ओले कपडे या खोलीत वाळत घालायचे नाहीत, असे ठरवले. सकाळी समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटे उघडल्या की आर्द्रतामापकाचा काटा डोळ्यांदेखत उतरतो. आता तो बहुतेक ५० ते ६०च्या दरम्यान असतो.

सकाळी उठल्यावर माझे नाक चोंदलेले असायचे, ते आता बरेच कमी झाले आहे. ते या भिंतीमुळेच होते असे मी म्हणत नाही, कारण मधल्या काळात ऋतूही बदलला आणि जुनी गादीही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ओल असलेल्या घरांचा श्वसनाच्या तक्रारींशी आणि दम्याशी संबंध मान्य केला आहे. मात्र हवेत अमुक इतकी बुरशी असली तर चालेल, असा सुरक्षित आकडा त्यांनी दिलेला नाही.

गेल्या थंडीत वरच्या कोपऱ्यात नखाएवढा एक करडा ठिपका पुन्हा दिसला. त्या आठवड्यात घरात पाहुणे होते, खिडक्या बंद होत्या आणि न्हाणीघराचा पंखा कोणीतरी आवाज होतो म्हणून बंद करून ठेवला होता. ठिपका ओल्या फडक्याने निघाला. खालच्या भिंतीवर मी त्याच दिवशी फॉइलचा चौकोन लावला आणि दोन दिवसांनी काढला. त्याची पाठ कोरडी होती.